नावासाठी मोकळी जागा

"हे नाव खोडून टाक, भिवा," सरपंच म्हणाले.

माझा बाप दगडापुढं उकिडवा बसला होता. हातातली छिन्नी त्यानं जमिनीवर ठेवली, पण मान वर केली नाही.

"दगड हाय ह्यो, सरपंच. पोराची पाटी न्हवं."

"मग पलटी मार की. मागल्या अंगानं कोर."

"मागल्या अंगाला मागलं साहेब हायत."

दौलतराव सरपंचांनी वाकून दगडाच्या पलीकडं बघितलं. खरंच, तिथं मागले साहेब मातीत तोंड खुपसून निवांत पडले होते. सरपंच कपाळावर हात मारून तिथंच आमच्या उंबऱ्यावर बसले. बगलेतला ट्रान्झिस्टर त्यांनी मांडीवर घेतला. सकाळी सातच्या बातम्यांत त्यांनी जे ऐकलं होतं ते बहुधा चुकून खोटं ठरेल, या आशेनं अजून तो चालूच होता. त्यातून आता कुणीतरी कांद्यावरच्या करप्याची माहिती सांगत होतं.

"म्हंजे ह्ये बी गेले?" मी आतून विचारलं.

"गेले," सरपंच म्हणाले. "आज नवीन मुख्यमंत्री शपथ घेणार. अनसे, नाव लिहून घे. लांबलचक हाय. जोडाक्षरं बी हायत."

मी पोटावर हात ठेवून खाली बसले. तेव्हा मला सातवा लागला होता.

गोष्ट आमच्या वरल्या खोरीची. घाटाच्या डोक्यावर दीडशे उंबऱ्यांचं गाव, खाली तालुक्याला जायचं तर खडीचा रस्ता आणि अठ्ठावीस वळणं. त्या वर्षी दिवाळीला गावात आरोग्य उपकेंद्र बांधून झालं. पांढरं चुन्याचं घर, हिरवं दार, आत बाळंतपणाचं लोखंडी टेबल, नळ, टाकी, विजेचा दिवा. आणि दाराला एक मोठं पितळी कुलूप. आमदारांनी सरपंचांना शब्द दिला होता की उद्घाटनाला खुद्द मुख्यमंत्री येतील आणि मुख्यमंत्री आले की घाटाला डांबर पडेल. बदल्यात सरपंचांनीही शब्द दिला होता की साहेबांचा हात लागेपर्यंत ते कुलूप कुणी उघडणार नाही. किल्ली त्यांच्या गळ्यात, जानव्यासारखी काळ्या दोऱ्यात अडकवलेली. आंघोळीलाही काढत नसत म्हणे.

तोवर लोखंडे सिस्टर समाजमंदिराच्या ओसरीवर दवाखाना चालवत होत्या. कुंभाराची सून तिथंच मोकळी झाली. चार बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला होता आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पुरुषांचा पत्त्यांचा डाव चालू होता. त्यातला एकजण ओरडला होता, "जरा हळू कण्हा की, पानं इसरायला हुत्यात!" सिस्टरांनी गरम पाण्याचं भगुलं त्याच्या अंगावर भिरकावलं होतं. गाव महिनाभर हसलं. कुंभाराची सून काही हसली नाही.

माझा नवरा कर्नाटकात कालव्याच्या दगडकामावर गेला, म्हणून मी दिवाळीलाच माहेरी आले होते. पहिलटकरीण. अंगात रक्त कमी. सिस्टरांनी माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हे बघ अनसूया, तुझ्यासाठी मला टेबल पाहिजे, उजेड पाहिजे, नळाचं पाणी पाहिजे. ते घर उघडलं की आठवड्याला डॉक्टरही येणार आहेत. ओसरीवर मी तुझी जोखीम घेणार नाही. आणि ऐन वेळी घाटात उतरवायची तर…"

आणि त्या गोळ्यांची पुडी बांधायला लागल्या. माझी आई त्याच घाटात, बैलगाडीत गेली, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं. मी आठ वर्षांची होते. गाडी सोळाव्या वळणावरून परत आली होती.

तर कोनशिलेचं काम आमच्याकडं. बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकले होते. मी गेरूनं दगडावर अक्षरं काढायची आणि बाप त्या लाल रेघांवरून छिन्नी चालवायचा. दहा वर्षांची होते तेव्हापासून आमचं असंच चाललेलं. मी जे काढीन ते तो कोरायचा. वेलांटी चुकली तर चुकीचीच वेलांटी दगडात जायची, म्हणून माझा हात फार जपून चालायचा.

वाचता येत नसलं तरी राज्याचे सगळे मुख्यमंत्री माझ्या बापाच्या बोटांना ओळखीचे होते. आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत त्यानं त्यांना कोरलं होतं. नावानं नाही, कामानं ओळखायचा. "पुलावरलं साहेब लई सरळ गडी. चार अक्षरात खलास." "तळ्यावरल्या सायबानं माझ्या दोन छिन्न्या मोडल्या. आडनाव हाय का वडाच्या पारंब्या!" शाळेवरले साहेब, एसटी थांब्यावरले साहेब, पंप-हाऊसवरले साहेब. कोण कुणानंतर आलं हे गावातल्या मास्तरलाही सांगता यायचं नाही, ते बाप सांगायचा. राज्याचा इतिहास त्याच्या तळहाताच्या घट्ट्यांत होता.

पण त्या सहा महिन्यांनी त्याचीही मती गुंग केली. मार्गशीर्षात आम्ही पहिल्या साहेबांना कोरलं. मांडवाचे बांबू रोवले, लेझीम बसवलं, आणि उद्घाटनाला पाच दिवस असताना ते साहेब गेले. दगड पालथा करून दुसऱ्या साहेबांना कोरलं. फाल्गुनात तेही गेले, ते मी सुरुवातीला सांगितलंच. तिघांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. ती त्यांच्या त्यांच्या गावी दगडावर असतील.

तिसऱ्यासाठी बापानं दगड पुन्हा पालथा केला आणि पहिल्या साहेबांच्या बाजूचा वरचा थर उतरवला. कोरलेलं अक्षर पुसायचं तर ते जेवढं खोल तेवढा अख्खा दगड खाली आणावा लागतो. चार दिवस ठाकठोक ठाकठोक. अंगणभर काळी कच. माझ्या जेवणात कच, अंथरुणात कच. पहिले साहेब भुगा होऊन आमच्या कोंबड्यांच्या पायाखाली गेले आणि त्यांच्या जागी तिसरे आले, लांबलचक, जोडाक्षरांसकट.

"आता हे तरी टिकू द्या," बाप दगडाला म्हणाला.

चैत्र सरला तरी तारीख ठरेना. मी रोज सकाळी सरपंचांच्या वाड्याच्या बाहेर उभी राहायची. आठवा संपत आला होता, पायाला सूज, दहा पावलांवर दम लागायचा.

"तात्या, कवा?"

"हे काय, पुढल्या आठवड्यात. आमदार मुंबईलाच बसून हायत त्यासाठी."

"मागल्या आठवड्यात बी पुढला आठवडाच म्हणला हुता."

"अगं, मुख्यमंत्री हायत ते. त्यांच्यामागं का एक खोरीच हाय?"

"मग किल्ली द्या. माझं झालं की परत कुलूप लावा. सायबाला काय कळतंय?"

सरपंचांनी छातीवरची किल्ली सदऱ्यावरून चाचपली. वाईट माणूस नव्हता. पण शब्द दिलेला माणूस होता, आणि त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

"पोरी, तुझं एकटीचं बाळंतपण बघू का सगळ्या गावाचा रस्ता बघू? डांबर पडलं तर तासाभरात तालुक्याला जाशील."

"कवा जाईन? पोराला मिशा फुटल्यावर?"

त्याच वाटेनं सिस्टर आल्या. त्यांनी सरपंचांना नमस्कार केला नाही. "दौलतराव, मला एकच सांगा. बाळंतपण मी करणार आहे की मुख्यमंत्री करणार आहेत? ते करणार असतील तर मी बदली मागून घेते."

"सिस्टर, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही तरी सरकारबद्दल असं बोलू नका."

"कोणत्या सरकारबद्दल बोलू? नाव सांगा. मला तर आता पाठ राहत नाही."

वैशाख लागला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सरपंच भर दुपारी आमच्या अंगणात आले. आज ट्रान्झिस्टर बंद होता. ते काही बोलायच्या आधीच बापानं हातातला हातोडा खाली टाकला.

"न्हाई," बाप म्हणाला.

"भिवा, ऐक तरी—"

"न्हाई म्हंजे न्हाई. त्ये बी गेलं का?"

"राजीनामा दिला."

बाप हसायला लागला. असा हसला की त्याला खोकला आला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी पाण्याचा तांब्या दिला. तांब्या तोंडाला लावून तो पुन्हा हसला.

"आता कोण?" मी विचारलं.

"अजून कायच ठरलं न्हाई. दोघं-तिघं नावं हायत. चार-सहा दिवस लागतील," सरपंच हात चोळत म्हणाले. "तवर असं कर, भिवा. ह्या बाजूचं उतरव, बाकीचा मजकूर कोरून दगड भिंतीत बसवून टाक. नावाची जागा मोकळी ठेव. नाव आलं की उभ्या दगडावर कोर. म्हंजे परत घोळ नको."

"म्हंजे आज राज्याला मुख्यमंत्रीच न्हाई?" मी विचारलं.

"तसा हाय. काळजीवाहू म्हणत्यात त्याला. जुनंच साहेब. पण त्यांच्या हातानं कोण उद्घाटन करतंय? त्यांचं दिवस भरलेत."

"माझं बी भरलेत, तात्या."

सरपंच माझ्याकडं न बघता निघून गेले.

बापानं पुन्हा चार दिवस थर उतरवला. आता दगड इतका पातळ झाला होता की बोटानं टिचकी मारली तर पितळेच्या परातीसारखा वाजायचा. आणखी एक साहेब त्याला सोसणार नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी बाप म्हणाला, "काढ अक्षरं."

मी गेरू कालवला. पोट आडवं येत होतं म्हणून दगड एका अंगानं टेकवून मी तिरकी बसले. वरची ओळ नेहमीची: आरोग्य उपकेंद्र, वरली खोरी. ती काढली. तिच्या खाली 'मा. मु' एवढं काढलं, आणि पोटातल्या पोरानं असा दणका दिला की कुंचला हातातून पडला.

मी बराच वेळ त्या दोन अक्षरांकडं बघत राहिले. तीनदा मी ती याच दगडावर काढली होती. त्यांच्यापायी एक घर सहा महिने बंद होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. आणि संतापाबरोबर, का कोण जाणे, आईचा आवाज आला. पहाटे जात्यावर बसली की ती बोलत नसे, सगळं गाऊनच सांगायची. सासरचं दुखणं, बाजारचा भाव, बापावरचा राग, सगळं दोन ओळींत बसवायची आणि दळण संपलं की राग संपायचा. तिच्या ओव्या मला आठवत नाहीत. चाल तेवढी अंगात राहिली आहे.

मी ओलं फडकं घेतलं, 'मा. मु' पुसून टाकलं, आणि त्या चालीवर जे आलं ते काढत गेले. दोन ओळी. त्यांच्याखाली त्या दिवसाची तिथी. एकही अक्षर चुकलं नाही.

बाप आला. त्यानं खाली बसून दगडावरून तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"नावाची मोकळी जागा कुठं ठिवली?"

"खाली," मी म्हणाले. "तळाला."

"हं."

त्यानं छिन्नी लावली. दोन दिवस तो कोरत होता. मी चुलीपुढं बसून प्रत्येक ठोका मोजत होते. जन्मात पहिल्यांदा मी बापाच्या अडाणीपणाचा फायदा घेतला होता. सरपंचांनी एकदा का हे वाचलं की भिवा पाथरवटाला तालुक्यात कुणी पायरीचा दगडसुद्धा घडवायला देणार नव्हतं. दोनदा मी उठले, सांगते म्हणून. दोन्ही वेळा तो मान खाली घालून काहीतरी गुणगुणत होता, आणि मी परत येऊन बसले.

दगड बैलगाडीतून नेला, गवंड्यानं भिंतीत बसवला, आणि रीतीप्रमाणं त्यावर पिवळं फडकं टाकलं. पडदा टाकलेला दगड कुणी वाचत नाही. सरपंचांनी लांबून बघितलं आणि बरं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मला कळा सुरू झाल्या.

गावातली एकुलती एक जीप लग्नाचं वऱ्हाड घेऊन खाली उतरलेली. एसटी दुपारी चारला. सिस्टर धावत आल्या, पोटावर हात ठेवला, घड्याळ बघितलं.

"घाटात न्यायची नाही. ओसरीवरही नाही. उचला हिला."

"कुठं?" शेजारची पारूमावशी म्हणाली.

"जिथं न्यायला पाहिजे तिथं."

सात-आठ बायका होत्या. दोघींच्या खांद्यावर हात टाकून मी चालले. वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेला फुफाटा. कळ आली की सगळ्या थांबायच्या, सरली की चालायच्या. उपकेंद्रापुढं एकही झाड नाही. हिरव्या दाराच्या पायरीवर मला टेकवलं, आणि पारूमावशीनं पदरानं माझ्या डोक्यावर सावली केली.

सरपंच आले ते धापा टाकत. त्यांच्यामागं बाप, हातात घण.

"तो घण खाली ठेव, भिवा!" सरपंच ओरडले. "सरकारी दार हाय. केस हुईल. आत जाशील."

"मी कायबी करत न्हाई," बाप म्हणाला. "किल्ली हाय न्हवं तुमच्याकडं?"

"अरे, उद्या नवीन साहेब शपथ घेणार! आमदारांचा निरोप आलाय, आठ दिवसांत तारीख पक्की!"

"आठ दिवस हे पोट धरून ठेवते मी," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही जरा दुसऱ्या बाजूनं धरा."

बायका हसल्या. कळ आली होती तरी मलाही हसू फुटलं आणि हसण्यानं जास्त दुखलं.

"तात्या," मी दात आवळून म्हणाले, "आज मुख्यमंत्री कोण हाय?"

"आज… आज तसं कोण न्हाई."

"मग आज दार उघडलं तर अपमान कुणाचा?"

आजवर जो आला त्याच्या मानासाठी सरपंचांनी दार राखलं होतं. आज मान राखायला कुणी नव्हतंच. ते खरोखर विचारात पडले. छातीवरची किल्ली त्यांनी मुठीत धरली, पण दोरा मानेतून काढवेना.

"आमदारांना काय सांगू?" ते म्हणाले. "माझा शब्द हाय."

तेव्हा बाप पुढं झाला. घण त्यानं भिंतीला टेकवून ठेवला आणि दगडावरचं पिवळं फडकं ओढून काढलं.

"वाचा, सरपंच."

"आता वाचायची वेळ हाय का ही?"

"वाचा म्हणतो. मोठ्यानं वाचा. त्यात काय न्हाई त्ये मला म्हाईत हाय. काय हाय त्ये मला बी ऐकू द्या."

मी मान वळवून बापाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

"तुला…" मी म्हणाले.

"तीस वरीस 'मु' कोरतोय मी. त्यो आला न्हाई त्ये हाताला कळत न्हाई व्हय?"

सरपंचांना पाटी दिसली की मोठ्यानं वाचायची सवय होती. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "आरोग्य उपकेंद्र, वरली खोरी." मग थोडे अडखळले, दगडाजवळ गेले.

"काळ्या पाषाणाला… माझ्या बापाचा गं हात…"

त्यांचा आवाज खाली आला. चष्मा वर करून त्यांनी पुन्हा बघितलं. "भिवा, हे रं काय—"

"पुढं वाचा."

"दार उघड रे गावा…"

ते थांबले. ते थांबले, पण ओवी मध्येच थांबत नाही. पारूमावशीला वाचता येत नव्हतं; तरी पहिली ओळ हातावर संपलेली तिनं ऐकली होती आणि डोक्यावर सूर्य होता. तिनं आपसूक चालीवर पुरी केली, "…लेकी उभ्या उन्हात." दगडावर तेच होतं. सरपंच दगडाकडं आणि मावशीकडं बघत राहिले. मग साऱ्या बायकांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटली, जात्याचा खुंटा धरल्यासारख्या, एका संथ आवाजात. त्या गात असताना माझी कळ आली आणि गेली.

बाप ऐकत उभा होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "ह्या घराच्या भूमिपूजनाचा दगड बी मीच कोरला हुता, सरपंच. चौदा वरसांमागं. एसटी थांब्यावरलं साहेब. ध्यानात हाय का? तवा हिची आई हुती."

सरपंचांच्या ध्यानात नसावं. पण आता आलं. दोरा मानेतून काढताना टोपीत अडकला, टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. पायरी चढून त्यांनी किल्ली कुलपात घातली.

किल्ली फिरेना.

डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली, बाहेर काढून फुंकर मारली, पुन्हा घातली. हिवाळ्याचं दव आणि सहा महिन्यांची धूळ खाऊन ते कुलूप आतून दगड झालं होतं.

"तेल आणा रे कुणीतरी!" सरपंच ओरडले.

"तेल?" सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "आता तेल? दिवाळीपासून ही किल्ली गळ्यात घालून हिंडताय, एकदा लावून बघायचं सुचलं नाही?"

"साहेबांच्या आधी कशी लावणार?"

"बाजूला व्हा," बाप म्हणाला.

एकच घाव. पाथरवटाचा हात, दाराला चरा नाही, कडीला पोचा नाही. कुलूप तुटून पायरीवर पडलं आणि हिरवं दार करकरत आपोआप आत गेलं. आतून बंद घराचा चुन्याचा थंड वास आला. बायकांनी मला उचललं.

टेबलावर निजवताना मला बाहेरचं ऐकू येत होतं. सरपंच पायरीवर बसून तुटक्या कुलपाशी बोलत होते.

"समजा साहेब आले असते… कलेक्टर, फौजदार, फोटोवाले, सगळा जिल्हा उभा… आणि साहेबांच्या हातात ही किल्ली…" मग एकदम, "भिवा! अब्रू वाचली रं माझी!"

"पाणी तापवायला घ्या," सिस्टर दारातून ओरडल्या. "अब्रू वाचली असेल तर सरपण आणा."

दुपारी अडीचला मी मोकळी झाले. मुलगी. रक्त बरंच गेलं. नळ होता, उजेड होता, सिस्टरांचे दोन्ही हात होते. त्यांनी मागाहून सांगितलं, ओसरीवर असते तर त्यांना मला वाचवता आलं नसतं. बापाला आत बोलावलं तर तो येईना. "बायांची जागा हाय," म्हणाला. शेवटी पारूमावशीनं पोर बाहेर नेलं. तिनं सांगितलं की त्यानं हात लावला नाही. घट्टे टोचतील म्हणाला, आणि मनगटाच्या आतल्या, मऊ बाजूनं तिचं कपाळ चाचपलं.

मला तिथंच ठेवून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आलं होतं, पोर पाजून झोपवलं होतं, आणि बाप बाहेर तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवत होता. सरपंच लगबगीनं आले. बगलेत ट्रान्झिस्टर, तोंडभर बातमी.

"अनसे! भिवा! झाले! नवीन मुख्यमंत्री झाले! काल संध्याकाळी शपथ—"

"हळू!" बाप म्हणाला. "आत पोर निजलंय."

सरपंच जागच्या जागी थांबले. मग त्यांनी चपला काढल्या, ट्रान्झिस्टरचा कान पिळून तो गप्प केला, आणि उंबऱ्याशी येऊन, दाराच्या चौकटीला धरून, माझ्याकडं वाकून त्यांनी नव्या साहेबांचं नाव सांगितलं. पण ते इतकं हळू बोलले की मला ऐकूच आलं नाही. मीही परत विचारलं नाही.